सॅक्रामेंटो नदीवर गाईडबरोबर मासे पकडायला जाताना या चुका टाळा

उत्तर कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो आणि फेदर या नद्यांवर गाईडच्या बोटीतून मासेमारीला जायचे असले की ओळखीची मराठी मंडळी हटकून मला फोन करतात. परत आल्यावर पुन्हा करतात, आणि त्या दुसऱ्या फोनवर ऐकू येणाऱ्या तक्रारी इतकी वर्षे त्याच आहेत, म्हणून त्या एकदाच लिहून काढतो आहे. यातील बहुतेक तक्रारींत दोष माशाचा नसतो आणि गाईडचाही नसतो.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक घरीच होते. माणूस आधी तारीख ठरवतो, मग मासा ठरवतो, आणि नदीला विचारायचे राहूनच जाते. माझ्या एका स्नेह्यांनी २०२३ च्या जानेवारीत, पुण्याहून येणाऱ्या सासऱ्यांसाठी, ऑक्टोबरमधील एक शनिवार सॅमनच्या सहलीसाठी राखून ठेवला आणि आगाऊ रक्कमही भरून टाकली. सॅमनच्या हंगामाचा निर्णय दरवर्षी नव्याने होतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. पॅसिफिक फिशरी मॅनेजमेंट कौन्सिल साधारण एप्रिलमध्ये समुद्रातील हंगाम ठरवते आणि त्यानंतर राज्याचा फिश अँड गेम कमिशन नद्यांचे नियम ठरवतो. त्या वर्षी परतणाऱ्या माशांचा अंदाज इतका खालावलेला होता की समुद्रात आणि सेंट्रल व्हॅलीच्या नद्यांत (या दोन्ही नद्या त्यातच येतात) सॅमनची मासेमारी पूर्ण बंद ठेवण्यात आली, आणि २०२४ मध्येही तेच झाले. पैसे घेणाऱ्याने हे कळवायला हवे होते, यात शंका नाही. पण आमच्या स्नेह्यांनीही नऊ महिन्यांत एकदाही चौकशी केली नाही. ऑक्टोबरमधल्या त्या पहाटे धक्क्यावर पोहोचल्यावर त्यांना सांगण्यात आले की आज स्ट्राइप्ड बास, म्हणजे पट्टेदार बास मासा. दिवसभरात तीन चांगले बास मिळाले, तरी सासरेबुवा संध्याकाळपर्यंत एकच प्रश्न विचारत राहिले, “पण सॅमन कुठे आहे?”

म्हणून माझी सवय अशी आहे की मी गाईडला माशाचे नाव सांगतच नाही. मी विचारतो, “पुढच्या पंधरवड्यात नदीत काय चालू आहे?” एप्रिल-मे असेल तर उत्तर बहुधा स्ट्राइप्ड बास असे येते, कारण पाणी साधारण १६ अंश सेल्सियसच्या पुढे गेले की हे मासे अंडी घालायला डेल्टातून, म्हणजे नदीच्या खालच्या अंगाच्या त्रिभुज प्रदेशातून, वर, सॅक्रामेंटो शहराच्याही पुढे कोलुसा गावापर्यंत चढतात. चिनूक सॅमनचा शरद ऋतूतील मोठा थवा उन्हाळा ओसरताना वर येतो, अर्थात त्या वर्षी हंगाम उघडा असेल तर. बासला दुय्यम समजणाऱ्यांचे मला नवल वाटते. हा मासा मूळचा इथला नव्हेच. १८७९ मध्ये न्यू जर्सीहून सुमारे १३० पिल्ले रेल्वेने आणून मार्टिनेझजवळ कार्किनेझच्या सामुद्रधुनीत सोडली होती, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत बाजारात विकण्याइतका तो इथे फोफावला. इतक्या लांबून येऊन इतक्या लवकर स्थिरावलेल्या माशाबद्दल निदान आपण तरी नाक मुरडू नये.

दुसरी चूक माझ्या विशेष रागाची आहे, आणि ती म्हणजे पहिल्या टोचणीला रॉड ओढणे. २०२२ च्या सप्टेंबरात मी माझ्या मेहुण्याला फेदर नदीवर घेऊन गेलो. तो मूळचा देवगडचा, लहानपणापासून खाडीत हातदोरीने शेंगट्या काढलेला, त्यामुळे बोटीत चढतानाच त्याने आपण शिकाऊ नसल्याचे गाईडला ऐकवले. गाईडने क्विकफिश नावाचे नकली मासे काढले आणि प्रत्येकाच्या पोटाला सार्डिनची, म्हणजे आपल्या तारलीच्या जातभाईची, पातळ तुकडी दोऱ्याने घट्ट गुंडाळली. मग बोटीचे नाक प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेवून त्याने मोटर इतकीच चालवली की बोट पाण्यापेक्षा सावकाश खाली सरकावी. असे केले की ते नकली मासे प्रवाहात थरथरत, नदीच्या तळालगत, खाली दबा धरलेल्या सॅमनच्या तोंडासमोर हळूहळू जातात. गाईडने स्पष्ट बजावले होते की रॉड होल्डरमध्येच राहील आणि मी सांगेपर्यंत कोणी त्याला हात लावायचा नाही.

पंधराव्या मिनिटाला मेहुण्याच्या रॉडचे टोक दोनदा टकटकले आणि त्याने झडप घालून रॉड उपसला. दोर सैल, मासा गेलेला. अर्ध्या तासाने पुन्हा तेच झाले, आणि तिसऱ्या वेळी गाईड “नो, नो” असे ओरडत असताना झाले. यात मेहुण्याची अक्कल कमी पडली असे मी म्हणणार नाही, त्याच्या हाताला लागलेले वळण वेगळे होते. खाडीत आमिष चोरणाऱ्या शेंगटीला झटका दिला नाही तर गरी रिकामी वर येते. पण समुद्रातून नदीत शिरलेला सॅमन खाणे जवळजवळ सोडून देतो. तो नकली माशाला भुकेने धरत नाही, आपल्या जागेत घुसलेल्या या थरथरत्या वस्तूला चिडून ढुसण्या देतो आणि मागून कुरतडतो. त्या ढुसण्या म्हणजेच रॉडची टकटक. त्या वेळी ओढले तर नकली मासा त्याच्या ओठांपासून दूर जातो. थोडे थांबले तर तो तोंडात धरून वळतो, त्याच्याच वजनाने गळ जबड्याच्या कोपऱ्यात रुततो, आणि रॉड पाण्याकडे वाकून वाकलेलाच राहतो. तेव्हा, आणि तेव्हाच, तो होल्डरमधून काढायचा असतो.

शेवटी गाईडने मेहुण्याच्या दोन्ही हातांत गरम कॉफीचा मोठा मग दिला आणि तो संपेपर्यंत खाली ठेवायचा नाही असे सांगितले. अकराच्या सुमारास टकटक सुरू झाली. मेहुणा मग घट्ट धरून, ओठ आवळून बसला होता. टकटक थांबली, पुन्हा सुरू झाली, आणि मग रॉडचे टोक सरळ पाण्यात गेले. वीस मिनिटांनी नऊ किलोची चिनूक मादी बोटीत आली. तेव्हापासून मी नवख्या माणसाला बोटीत नेतो तेव्हा थर्मास आणि मोठा मग बरोबर घेतोच. यापेक्षा चांगला उपाय मला सापडलेला नाही, आणि तो शोधण्याची गरजही वाटलेली नाही.

मासा लागल्यानंतरची घाईही याच जातीची असते. मासा दोर ओढून पळत असताना रील फिरवू नये, आणि गाईडने लावून दिलेला ड्रॅग, म्हणजे दोर किती ताणावर सुटावा हे ठरवणारा रीलचा ब्रेक, स्वतःच्या मनाने आवळू नये. मोठे मासे तुटतात ते बहुधा यामुळेच. जाळीजवळ आलेल्या माशाचे डोके पाण्याबाहेर उचलू नये.

काही चुका एकेका वाक्याच्याच आहेत. गाईडचा परवाना म्हणजे आपला परवाना नव्हे. सोळा वर्षे आणि त्यापुढील प्रत्येकाला स्वतःचा परवाना लागतो आणि तो आदल्या रात्रीच काढावा, कारण पहाटे पाच वाजता धक्क्यावर फोनला रेंज मिळेलच असे नाही. तेरा वर्षांखालील मुलांनी चालत्या बोटीत लाइफ जॅकेट घालणे कायद्याने बंधनकारक आहे. मूल रडते ही सबब तिथे चालत नाही. जुलैतसुद्धा डेल्टातील पहाट बोचरी असते, तेव्हा सुती कुडत्यावर येऊ नये. नदीतील बासची मर्यादा दिवसाला माणशी दोन आणि लांबी किमान १८ इंच आहे, त्यामुळे गाईडने साडेसतरा इंची मासा सोडला म्हणून त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. व्हाइट स्टर्जन हा मासा २०२४ पासून घरी नेता येत नाही, लागला तरी सोडावाच लागतो. उपवास असला तरी डब्यात केळी नेऊ नयेत. बोटीवर केळे अपशकुनी मानण्याची तिथे जुनी समजूत आहे, आणि मी ती मानत नसलो तरी गाईडचे तोंड दिवसभर वाकडे राहावे अशीही माझी इच्छा नसते. दिवस संपल्यावर गाईडला पंधरा ते वीस टक्के टिप देण्याची रीत आहे. तो खर्च आधीच धरावा, धक्क्यावर उभे राहून हिशेब करू नये.

सॅमनची गाबोळी मीठ आणि बोरॅक्समध्ये, म्हणजे टाकणखारात, मुरवून आमिष म्हणून वापरतात, हे पाहून पहिल्या वेळी माझा जीव कळवळला होता. ती मुरवलेली गाबोळी कोणीही चाखायला मागू नये. तशी मागणी झालेली मी प्रत्यक्ष पाहिली आहे.

उरलेल्या चुका मासा हाती आल्यानंतरच्या आहेत. मासा मारल्याबरोबर कल्ल्याजवळ कापून त्याचे रक्त वाहू द्यावे आणि तो बर्फाच्या पाण्यात बुडवावा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या डिकीत ठेवलेला मासा दोन तासांनी घरी पोहोचतो तेव्हा त्याला जो वास येतो, त्याचा दोष लोक नदीच्या पाण्याला देतात. बासच्या तुकडीतील बाजूचा लालसर पट्टा कापून टाकावा, म्हणजे चव स्वच्छ येते. या नद्यांतील मोठ्या, जुन्या माशांत पारा साठतो, म्हणून कोणत्या नदीतील कोणता मासा किती खावा याचा राज्य सरकारचा सल्ला वाचूनच जेवणाचा बेत ठरवावा. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी तो अधिक कडक आहे.

आणि सॅमनला रावस समजून शिजवू नये. रावसाला इंग्रजीत इंडियन सॅमन म्हणतात एवढ्यावरून आपल्याकडे हा घोळ पक्का झाला आहे, पण दोघांचे काडीचेही नाते नाही. रावस मांसल आणि बेताच्या चरबीचा असतो, खोबऱ्याच्या रश्शात तो टिकतो. सॅमनची चरबी त्या रश्शावर तवंग धरते आणि तुकड्या जास्त उकळल्या की फुटतात. मी त्याला बांगड्याच्या वाटेने नेतो, म्हणजे तिरफळे, आमसुले, लाल मिरची, अंगाबरोबर पाणी, आणि एक उकळी आली की गॅस बंद. मेहुण्याच्या त्या चिनूकचे डोके असेच केले होते, आणि ते त्याने एकट्याने संपवले.