लेकीचं नाव दोन रिटर्नवर: माझा अनुभव

न्यू जर्सीतली गोष्ट. घटस्फोटानंतरचं पहिलंच टॅक्स रिटर्न ई-फाइल केलं आणि ते परत आलं: लेकीचा सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला ओळख क्रमांक) दुसऱ्या रिटर्नवर आधीच वापरलाय. कुणी? तिच्या बाबांनी! ‘खर्च मी देतो ना,’ म्हणे. पण आयआरएस (अमेरिकेचं कर खातं) पैसे नाही, रात्री मोजतं. मूल ज्याच्याकडे जास्त रात्री राहिलं, त्याचं नाव रिटर्नवर दाखवून करसवलत घ्यायचा हक्क त्या पालकाचा. दुसऱ्याला हवा तर फॉर्म 8332वर पहिल्याची सही लागते. मी केली नव्हती. फ्रिजवरच्या कालनिर्णयावर लाल खुणा होत्याच, मोजल्या: 231 रात्री माझ्याकडे. मग आयआरएसच्या साइटवरून आयपी पिन (करदात्याची ओळख पटवणारा गुप्त क्रमांक) काढला, तो टाकून तेच रिटर्न पुन्हा पाठवलं. ही सोय 2025पासूनची, आधी कागदी रिटर्न टपालानेच पाठवावं लागे. स्वीकारलं! शाळेचे, डॉक्टरांचे कागद मात्र काढून ठेवलेत. दोघांनाही नोटीस येऊ शकते.