दंडकारण्याचं वर्णन पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत बसून कसं वाचावं

सुरुवात वाल्मीकी रामायणातल्या अरण्यकांडाच्या १५ व्या सर्गापासून करा. पंचवटीत पर्णकुटी बांधायची जागा ठरते ती इथेच, आणि वाल्मीकी भोवतालची झाडं नावानिशी सांगतात. मूळ श्लोक आणि मराठी अर्थ दोन्ही असलेली प्रत हवी. गोष्टीरूप रामायणात ही नावं ‘नाना वृक्षां’त विरून जातात.

वहीत चार रकाने आखा: श्लोकातलं नाव, आपल्याकडचं नाव, खूण, महिना. ‘धवाश्वकर्णखदिरैः शमीकिंशुकपाटलैः’ एवढी एकच ओळ पहिल्या दिवसाला पुष्कळ झाली. आधी समास फोडा (धव, अश्वकर्ण, खदिर असा), नाहीतर ‘धवाश्व’ नावाचं झाड शोधत बसाल. धव म्हणजे धावडा: साल पांढुरकी, गुळगुळीत, आणि डिंक प्रसिद्धच. खदिर म्हणजे खैर. त्याचे काटे जोडीजोडीने येतात, आकड्यासारखे वाकडे. किंशुक पळस, पाटल पाडळ. पान तोडू नका, खाली पडलेलं उचला.

सगळ्यात जास्त घोळ होतो साल आणि सालईचा. साल छत्तीसगडकडचा, त्याचं पान रुंद आणि एकेकटं. सालई म्हणजे संस्कृतातली शल्लकी: पान संयुक्त, साल कागदासारखी सुटते, चीक सुगंधी. सर्गातला ‘साल’ सालईच्या रकान्यात घातला की पुढची यादीच बिघडते.

यादीतलं प्रत्येक झाड त्याच मातीतलं होतं, असंही धरू नका. रम्य वन म्हटलं की चंदन, अशोक, चंपक यायचेच, ही काव्याची रीत. अशा नावांपुढे फुली मारा.

१६ वा सर्ग मार्गशीर्ष-पौषात, पहाटे वाचा. तहानलेला रानहत्ती गार पाण्याला सोंड लावतो आणि मागे घेतो. इथे रीत नाही, डोळ्यांनी पाहिलेली थंडी आहे.

मग भवभूतीचं ‘उत्तररामचरित’ हे संस्कृत नाटक, अंक २. हा आठव्या शतकातला कवी विदर्भातल्या पद्मपूरचा. अभ्यासक ते गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ मानतात. ‘पुरा यत्र स्रोतः पुलिनमधुना तत्र सरिताम्’: जिथे प्रवाह होता तिथे आता वाळू, दाट झाडी विरळ आणि विरळ ती दाट. हा श्लोक घेऊन गावच्या नाल्यावर जा. पूर्वी पाणी कुठून वाहायचं हे म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि त्यांनी दाखवलेली जागा वहीत तारखेसह आखून ठेवा.