सेफ्टी रेझरनं दाढी करायचीय? आधी हात हलका करा, मग पाण्याचं बघा

पाच पात्यांच्या कार्ट्रिजचं एक मुंडकं शंभराच्या वर जातं, मग आपण ते जीवावर येऊन महिना-दोन महिने रेटतो आन गळ्यावर लाल पुरळ उठलं की दोष देतो क्रीमला. त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी धार असलेलं साधं ब्लेड बघा, सलूनवाले मधोमध मोडून अर्धं उस्तऱ्यात घालतात तेच, ते दोन-पाच रुपयाला पडतं आन त्यात आरामात चार-पाच दाढ्या निघतात. हे अख्खं ब्लेड ज्यात बसतं तो सेफ्टी रेझर. किंग कॅम्प जिलेट नावाच्या अमेरिकन माणसाला याचं पेटंट १९०४ साली मिळालं, त्याच्या आदल्या वर्षी त्याचे फक्त ५१ रेझर खपले होते, म्हणजे लोकांना तेव्हा पण आधी भ्याच वाटलं असणार. भिण्यासारखं काही नाही. फक्त कार्ट्रिजनं हाताला दाबायची जी सवय लावलीय ना, ती सोडावी लागते, बाकी सगळं आठ-पंधरा दिवसात जमतं.

सामान

रेझर घेताना धातूचा, जरा वजनदार घ्या, पाचशे-हजारात चांगला येतो. प्लास्टिकच्या दांड्याचा शंभर-दीडशेचा पण चालतो पण त्याला वजनच नसतं, मग माणूस नकळत दाबतो. ब्लेडखालची पट्टी सरळ असलेला घ्या, दातेरी कंगवा असतो तो नवीन माणसासाठी नाही. ब्लेडचं मात्र कुणाचं ऐकू नका, मित्राला जे मख्खन वाटतं ते तुमच्या गालावर ओरखडे काढू शकतं, म्हणून तीन-चार कंपन्यांची एकेक पाकिटं आणा आन स्वतःच ठरवा. लातूरच्या गंजगोलाईत नाहीतर संभाजीनगरात गुलमंडीकडं सलूनच्या सामानाचं दुकान शोधा, नाही सापडलं तर ऑनलाइन आहेच. ब्रश, साधी ट्यूबमधली क्रीम आन किराणा दुकानातला तुरटीचा खडा, झालं. महागडे परदेशी साबण नंतर घ्या, हौस म्हणून.

पाणी, हे आपल्याकडचं खरं दुखणं

व्हिडिओत त्या लोकांचा फेस कसा डोंगरासारखा येतो आन आपला दोन मिनिटात बसतो, तर त्यात तुमच्या हाताचा दोष कमी आन बोअरचा जास्त. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून पांढरा चिकट साका करतं, साबण त्यातच संपतो, फेसाला काही उरतच नाही. गिझरच्या कॉइलवर, बादलीच्या काठावर जो पांढरा थर बसतो तो याच क्षारांचा. उपाय सोपाय, जारचं नाहीतर फिल्टरचं पाणी एक पेला घ्या, ब्रश भिजवायला आन फेस करायला तेवढं बास होतं. जार नसेल तर रात्री पाणी चांगलं उकळून ठेवा, सकाळी वरचं निवळलेलं घ्या, जडपणा पूर्ण जात नाही पण बराच फरक पडतो. रेझर खळबळायला बोअरचंच एक मग घ्या, नळ चालू ठेवून दाढी करायची चैन टँकरची वाट बघणाऱ्या गावात कुणी करत पण नाही म्हणा.

फेस

आंघोळ झाल्यावर दाढी करा, केस तोवर पाणी पिऊन मऊ झालेले असतात. आंघोळ आधी नको असेल तर कोमट पाण्यात भिजवलेला पंचा दोन-तीन मिनिटं तोंडावर धरा. ब्रश भिजवून झटका, बदामाएवढी क्रीम घ्या आन गालावरच गोल गोल फिरवत राहा, कोरडं वाटलं की बोटानं दोन थेंब पाणी. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालंय, क्रीम वाढवा. फेस चकचकीत आन घट्ट दह्यासारखा पाहिजे, ब्रश उचलला की त्याचं टोक उभं राहिलं पाहिजे. इथं घाई केली की पुढं आग होणारच.

ब्लेड बसवणं

ब्लेड आखूड बाजूनं धरायचं, तिथं धार नसते. रेझरची वरची टोपी उलटी ठेवा, तिच्या खुंट्यांवर ब्लेड, वरून ती पट्टीवाली प्लेट, मग दांडा पिळून आवळा. आता समोरून डोळ्यासमोर धरून बघा, दोन्हीकडं पातं सारखंच बाहेर आलंय का. एकीकडं जास्त दिसलं तर सैल करून परत बसवा, तसंच फिरवलं तर ती बाजू कापणार.

आता खरी दाढी

पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी करा, ऑफिसची बस पकडायची असताना नको. आधी दोन दिवसांच्या वाढीवर बोटं फिरवून बघा, ज्या दिशेनं हात गुळगुळीत जातो ती केसांची दिशा. गालावर बहुतेक वरून खाली असते, गळ्यावर मात्र कुणाची आडवी, कुणाची चक्क खालून वर, आन पुरळ तिथंच उठतं कारण आपण सगळीकडं एकाच दिशेनं ओढतो.

रेझरची टोपी गालावर सपाट टेकवा, दांडा सरळ बाहेर राहील अशी. मग दांडा हळूहळू खाली आणा, पातं कातडीला जेमतेम लागलं की थांबा, हाच अँगल, साधारण ३० अंश. दांडा मुठीत आवळू नका, शेवटाकडं बोटांच्या टोकांनी धरा, रेझरचं स्वतःचं वजन पुरे आहे. इंच-दीड इंचाचे छोटे हात मारा आन पंखा बंद करून ऐका, अँगल बरोबर असला की बारीक कर्र कर्र आवाज येतो. आवाज गेला तर टोपीच घासतीय, ओरबाडल्यासारखं झालं तर दांडा जास्त खाली गेलाय. मनगट न वळवता सगळा हात हलवा. आन रेझर कधीच धारेच्या दिशेनं, भाजी चिरल्यासारखा, सरकवू नका, कापतं ते तिथंच.

जबड्याच्या हाडापाशी कातडी वर ओढून ताणा. कंठाचा भाग अवघड, तिथली कातडी बोटानं बाजूला ओढा म्हणजे सपाट जागा मिळते. मिशी काढणार असाल तर नाकाचा शेंडा वर उचला.

एकदा केसांच्या दिशेनं फिरून झालं की तोंड धुवा. नव्यानं फेस लावून दुसरा हात केसांच्या दिशेला आडवा मारा, फेसाशिवाय परत-परत त्याच जागी नको. उलटा हात, म्हणजे सलूनमधल्यासारखी घोटून दाढी, पहिला महिनाभर विसरा. थोडे खुंट राहिले तर राहू द्या, लग्नाला थोडीच चाललात. कुरळ्या केसांच्या माणसानं तर गळ्यावर उलटा हात मारूच नये, केस कातडीच्या आत वळून फोड येतात.

नंतर

गार पाणी मारा, तुरटी ओली करून सगळ्या तोंडावर फिरवा, अर्धा-एक मिनिट थांबून धुवा. बारीक कापलं असलं तर रक्त थांबतं, शिवाय जिथं तुम्ही दाबलंय बरोबर तिथंच झोंबतं, म्हणजे पुढच्या वेळी कुठं हात हलका ठेवायचा ते कळतं. नंतर खोबऱ्याच्या तेलाचे दोन थेंब लई झाले. मे महिन्यात परभणी-नांदेडचं ऊन आन घाम ताज्या दाढीवर लई झोंबतो, कातडी नाजूक असेल तर रात्री करा.

ब्लेड ओढायला लागलं की बदला, दोन रुपयासाठी जीव काढू नका. रेझर हलवून कोरडा ठेवा नाहीतर क्षाराचे डाग बसतात. ब्लेड भावाभावात पण वाटून घेऊ नये, हिपॅटायटिस बी आन सी रक्तातून पसरतात. आन जुनी ब्लेडं घंटागाडीत तशीच सुटी टाकायची नाहीत, कचरा वेगळा करणाऱ्याचा हात कापतो. पत्र्याच्या डब्याला वरून चीर पाडा, त्यात टाकत जा, डबा भरायला वर्षं लागतात, भरला की चीर चिकटपट्टीनं बंद करून द्या. चिकलठाण्याहून विमानानं जाणार असाल तर ब्लेड हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत टाका नाहीतर तिकडं पोहोचून नवीन पाकीट घ्या.