नेब्रास्का, कमी खर्चात

अमेरिकेला जायचं म्हटलं की सगळे न्यूयॉर्क नाहीतर वेगास करतात, पण शिवडीला फ्लेमिंगो बघायला पहाटे उठणाऱ्यांनी मार्चमध्ये नेब्रास्काच गाठावं, खरंच सांगतो. त्या दिवसांत लाखो सँडहिल क्रेन, म्हणजे क्रौंच पक्षी, कीर्नीजवळ प्लॅट नदीत रात्री उतरतात आणि दिवसा मक्याच्या शेतात चरतात, ते रस्त्यावरून फुकट दिसतात, फक्त गाडी नीट बाजूला लावा आणि शेतात शिरू नका. मोटेल आधीच बुक करा, सीझनला रेट चढतात.

मुंबईहून शिकागो, तिथून अ‍ॅमट्रॅक रेल्वेची कॅलिफोर्निया झेफायर ही गाडी ओमाहाला जाते. पुढे भाड्याची गाडी लागतेच, म्हणून निघायच्या आधी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा, आणि चौघं असाल तर भाडं-पेट्रोल वाटून जातं. ओमाहा ते राज्याच्या पश्चिम टोकाचं स्कॉट्सब्लफ साधारण 720 किमी, एका दिवसात उरकू नका, मध्ये सँडहिल्सचे गवताळ डोंगर आहेत, आणि तिथे पंप लांब लांब, टाकी अर्धी झाली की भरा. अलायन्स गावाला जुन्या गाड्या उभ्या गाडून केलेलं कारहेंज आहे, तिकीट नाही. पश्चिमेला घड्याळ एक तास मागे करायचं, हे लक्षात असू द्या.

शाकाहारी असाल तर थेपले न्याच.