यांत्रिकीच्या पेपरात गुण कुठे जातात? या चुका टाळा

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी यांत्रिकीचा पेपर अवघड गेला की बहुतेक विद्यार्थी सूत्रे पाठ नव्हती असे सांगतात. उत्तरपत्रिकेत मात्र सूत्र बहुधा अचूक लिहिलेले असते. ते जिथे लागू पडत नाही तिथे वापरलेले असते, आणि गुण तिथेच जातात. गतीची समीकरणे त्वरण स्थिर असेल तरच चालतात. ताणलेली स्प्रिंग सुटल्यावर त्वरण क्षणोक्षणी बदलते, त्यामुळे तिथे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा आधार घ्यावा लागतो. म्हणून प्रत्येक सूत्र वहीत उतरवताना त्याची अट त्याच ओळीत लिहावी, असा माझा आग्रह आहे.

सर्वाधिक गोंधळ गडगडणाऱ्या वस्तूंच्या उदाहरणांत होतो. ०.७ मीटर उंचीच्या उतारावरून एक भरीव गोळा स्थिर स्थितीतून निघून न घसरता गडगडत खाली आला, तर सगळी स्थितिज ऊर्जा रेषीय गतीत गेली असे धरणाऱ्याला तळाशी वेग सेकंदाला सुमारे ३.७ मीटर मिळतो. खरे उत्तर सुमारे ३.१३ मीटर आहे, कारण गतिज ऊर्जेचा २/७ भाग गोळ्याच्या परिवलनात, म्हणजे स्वतःभोवती फिरण्यात, असतो. काही विद्यार्थी परिवलन लक्षात ठेवतात, पण घर्षणाने केलेले कार्यही वजा करून बसतात. गोळ्याचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असल्यामुळे हे स्थितिक घर्षण ऊर्जा खात नाही, ते गोळ्याला फिरवते. हा मुद्दा नीट समजला की या प्रकरणातली बरीच उदाहरणे सोपी होतात.

आकृती न काढता समीकरण मांडणे ही दुसरी मोठी चूक. सपाट जमिनीवरचा ठोकळा तिरक्या दोरीने वरच्या दिशेला ओढला जात असेल, तर लंब प्रतिक्रिया, म्हणजे जमीन ठोकळ्याला वर ढकलते ते बल, त्याच्या वजनाइतकी राहत नाही, आणि घर्षण तिच्यावरच अवलंबून असते. बलांचे बाण काढले की हे लगेच दिसते, आणि घर्षणाचे उत्तर चुकत नाही.

कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककावर राहिला तर ३० अंशांच्या साइनचे मूल्य ०.५ ऐवजी उणे ०.९८८ येते, म्हणून पेपर सुरू होताच हे मूल्य एकदा तपासावे. चौरस सेंटिमीटरचे चौरस मीटर करताना १०० ने नव्हे, १०,००० ने भागावे.

सोडवलेली उदाहरणे नुसती वाचणे हा अभ्यास नव्हे. उत्तर झाकून, कोऱ्या कागदावर, घड्याळ लावून ती सोडवावीत आणि जिथे हात अडतो तेवढेच प्रकरण पुन्हा वाचावे. परीक्षेत आकडे शेवटच्या पायरीपर्यंत घालू नयेत, कारण अक्षरांतल्या उत्तराची मिती, म्हणजे दोन्ही बाजूंची एकके जुळतात का, हे तपासता येते आणि आकडेमोड चुकली तरी आधीच्या पायऱ्या परीक्षकाला स्पष्ट दिसतात. एखादे उदाहरण अडलेच, तर आकृती, दिलेल्या राशी आणि योग्य नियम एवढे लिहून जागा सोडावी व पुढच्या प्रश्नाकडे वळावे.