जर्मनीला शिकायला निघालात? मग इन्शुरन्सच्या फॉर्मवर सही करायच्या आधी हे वाचा

ऑगस्टमध्ये तीन आठवडे नाशिकला आलेय आणि इंदिरानगरच्या घरी पाय ठेवल्यापासून रोज संध्याकाळी कोणाचा ना कोणाचा मुलगा नाहीतर मुलगी प्लास्टिकची फाइल घेऊन दारात उभी. आई चहा टाकते, मी फाइल उघडते. एपीएस (म्हणजे आपल्या मार्कशीट-डिग्र्या तपासल्याचं सर्टिफिकेट) झालंय, ब्लॉक्ड अकाउंट (वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून दरमहा ठरावीकच पैसे मिळतात) झालंय, ११,९०४ युरो भरून बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्यात, व्हिसाच्या मुंबई फेऱ्या पण झाल्यात. आणि सगळ्यात शेवटी, स्टेपलरने कसाबसा लावलेला एक कागद असतो, हेल्थ इन्शुरन्सचा, तो काय आहे ते कोणालाच माहीत नसतं. "ते एजंटने दिलं ताई, महिना तीस-पस्तीस युरोचं आहे, स्वस्तात पडलं."

काल तिसऱ्यांदा हेच ऐकलं म्हणून आता लिहूनच टाकते, म्हणजे पुढच्यांना लिंक पाठवता येईल.

आधी साधी गोष्ट. जर्मनीत हेल्थ इन्शुरन्स नसेल तर युनिव्हर्सिटी ॲडमिशन पक्कीच करत नाही, आणि आपला भारतातला मेडिक्लेम तिथे चालत नाही, कितीही लाखांचा असो. तिशीच्या आतला विद्यार्थी असेल तर पब्लिक इन्शुरन्समध्ये जायचं हा नियमच आहे. पब्लिक म्हणजे सरकारी ऑफिस नाही हां, टीके, एओके, बार्मर अशा बऱ्याच कंपन्या आहेत, त्यांना क्रांकेनकासे म्हणतात, कायद्याने ठरलेले फायदे सगळीकडे सारखेच, हप्त्यात थोडा इकडेतिकडे फरक. महिन्याला दीडशे युरोच्या आसपास जातात, २३ च्या खालच्यांना पाचेक युरो कमी. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ मिळणार, त्यातले दीडशे इथे, हे आधीच धरून चला.

आता एजंटचा तो तीस युरोचा कागद. तो दोनपैकी एक असतो. एक म्हणजे ट्रॅव्हल टाइपचा, ज्याला पोरं इन्कमिंग म्हणतात. हा तुम्हाला लागतोच, कारण पब्लिक सुरू होतं सेमिस्टर सुरू झाल्यावर, आणि त्यानंतर एनरोल झालात तर एनरोल झाल्या दिवसापासून. तुम्ही ५ सप्टेंबरला उतरलात आणि सेमिस्टर १ ऑक्टोबरला असेल तर मधले दिवस हाच आधार, व्हिसालाही हाच दाखवतात. तेवढ्यापुरता घ्या, काही प्रॉब्लेम नाही. दुसरा म्हणजे पूर्ण कोर्सभरासाठी प्रायव्हेट, आणि खरी गोम इथे आहे. प्रायव्हेटवर शिकायचं तर आधी पब्लिकमधून सूट घ्यावी लागते, बेफ्रायउंग म्हणतात त्याला. इन्शुरन्सची सक्ती लागू झाल्यापासून ३ महिन्यांच्या आत तो अर्ज करता येतो, आणि एकदा मिळाली की शिक्षण संपेपर्यंत ती परत घेता येत नाही. चूक झाली, आता पब्लिक द्या, असं म्हणायची सोयच नाहीये.

मला कसं माहीत? कारण मी ती सही केलीये. २०१५ ची गोष्ट, कॉलेज रोडच्या एका एजंटने (नाव घेत नाही, आता ते दुकानही नाहीये) फॉर्मच्या गठ्ठ्यात तो एक फॉर्म पण दिला, मी बाकीच्यांसारखीच जिथे पेन्सिलची फुली होती तिथे सही केली. वाटलं महिन्याला पन्नास युरो वाचले, मजा. पहिल्याच हिवाळ्यात बर्फावरून घसरले आणि गुडघा गेला. डॉक्टर, एमआरआय, फिजिओथेरपी, सगळं आधी आपल्या खिशातून भरायचं आणि मग बिलं पाठवून वाट बघत बसायचं, हे मला तेव्हा कळलं. कंपनीने चार महिने पत्रापत्री करून उत्तर दिलं की गुडघ्याचा त्रास आधीपासूनचा आहे. कारण काय तर मीच शहाणपणा करून फॉर्ममध्ये लिहिलं होतं की शाळेत खो-खो खेळताना गुडघा दुखावला होता. बाबांनी इथून पैसे पाठवले, आणि ते पैसे मी अजून विसरले नाहीये.

बरं तेवढ्यावर संपलं नाही. मास्टर्स संपल्यावर नोकरी शोधायची ना, तेव्हा विद्यार्थी रेट संपतो. पब्लिकमधली माझी रूममेट तिथेच व्हॉलंटरी मेंबर म्हणून राहिली, जास्त पैसे भरून. आज तो आकडा अडीचशे युरोच्या वर आहे, पण निदान दार उघडं असतं. मला तेही नाही. सात महिने प्रायव्हेटवरच काढले, नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं तेव्हा कुठे पब्लिकमध्ये गेले. आणि मिनी-जॉब, म्हणजे थोड्या तासांची, थोड्या पगाराची छोटी नोकरी, धरून आत शिरू असं वाटत असेल तर नाही, मिनी-जॉब त्यात धरत नाहीत.

ज्यांना दमा, थायरॉइड, शुगर असं काही आहे त्यांनी तर हा विचारही करू नका. पब्लिकवाले आधीचा आजार विचारत नाहीत, आजारामुळे हप्ता वाढत नाही.

मग प्रायव्हेट कोणाला? तिशी ओलांडलेल्यांना बहुतेक वेळा पर्यायच नसतो, कारण विद्यार्थी रेट ज्या सेमिस्टरमध्ये ३० पूर्ण होतात ते संपलं की बंद. पीएचडीवाल्यांना आणि आधी नुसता भाषेचा कोर्स किंवा स्टुडियनकोलेग (युनिव्हर्सिटीच्या आधीचा तयारीचा कोर्स) करणाऱ्यांनाही तो रेट मिळत नाही. यांनी प्रायव्हेट घेताना एकच बघा, पॉलिसी नुसती ट्रॅव्हलची नको, नाहीतर रेसिडेन्स परमिट वाढवताना ऑफिसवाले अडवू शकतात. सातपूरला नोकरी करून ३१ व्या वर्षी मास्टर्सला निघालेले दोघं भेटले मला या आठवड्यात, दोघांनाही हे कोणी सांगितलं नव्हतं.

प्रोसिजर सोपी आहे. ॲडमिशन लेटर आलं की इथूनच, नाशिकमध्ये बसून, ऑनलाइन फॉर्म भरा आणि क्रांकेनकासेला सांगा की माझ्या युनिव्हर्सिटीला एम-टेन पाठवा. हा इन्शुरन्स स्टेटसचा डिजिटल मेसेज असतो, २०२२ पासून कागद नाही चालत, कंपनी थेट युनिव्हर्सिटीला पाठवते. प्रायव्हेटवाल्यांनाही तो पब्लिक कंपनीकडूनच पाठवून घ्यावा लागतो, सूट आहे म्हणून. तिथे गेल्यावर पत्ता रजिस्टर करा, बँक अकाउंट नंबर द्या, फोटो अपलोड करा, मग कार्ड पोस्टाने येतं. दारावरच्या लेटरबॉक्सवर आपलं नाव लावायला विसरू नका, नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो.

हप्ता चुकवू नका. थकला की कंपनी युनिव्हर्सिटीला कळवते आणि नाव काढेपर्यंत गोष्ट जाऊ शकते. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम केलं तर तुम्ही विद्यार्थी न राहता कर्मचारी धरले जाता, हप्ता वेगळा, तेही लक्षात ठेवा.

आता डॉक्टरची सवय. आपल्याकडे ताप आला की संध्याकाळी क्लिनिकमध्ये जाऊन नंबर लावला की झालं. तिथे आधी घराजवळचा हाउसआर्त्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, शोधून ठेवा, स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट कधी कधी महिन्यांनी मिळते. सर्दीला चहा प्या आणि झोपा म्हणतील, रागावू नका, अँटिबायोटिक सहज देत नाहीत. रात्री-बेरात्री त्रास झाला पण जिवावरचं नसेल तर ११६११७, खरोखर इमर्जन्सी असेल तर ११२. कार्ड दाखवलं की डॉक्टरकडे पैसे द्यावे लागत नाहीत, औषधांना साधारण ५ ते १० युरो, हॉस्पिटलात दिवसाला १०, तेही वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवस. दात आणि चष्मा मात्र इथूनच उरकून निघा. चष्म्याचे पैसे मोठ्यांना सहसा मिळत नाहीत, दात साफ करून घ्यायचे पण बरेचदा आपल्याच खिशातून जातात. दोन चष्मे बनवून घ्या, दाढ दुखत असेल तर ती पण.

आणि कायमचं परत यायचं ठरलं तर कंपनीला लेखी कळवून, पत्ता रद्द केल्याचा कागद जोडून मगच विमानात बसा. माझ्या ओळखीचा एक जण न सांगता पंचवटीला परत आला, वर्षभर तिकडे बिलं वाढत होती आणि इकडे तो नोकरीला लागून निवांत होता.

मी २४ तारखेपर्यंत आहे. फाइल आणायची तर सातनंतर या, आणि एजंटने दिलेले सगळे कागद आणा, सही केलेले पण.