खुब्यातला जुनाट गाऊट: आधी खात्री, मग उपचार

गाऊट म्हणजे रक्तातल्या युरिक ॲसिड या टाकाऊ पदार्थाचे स्फटिक सांध्यात साठून होणारा संधिवात. तो बहुतेकदा पायाच्या अंगठ्यापासून सुरू होतो. हे स्फटिक शरीराच्या गार भागांत लवकर जमतात, आणि खुब्याचा सांधा तर खोल, उबेत असतो. त्यामुळे तिथे गाऊट क्वचितच होतो. "युरिक ॲसिड वाढलंय, खुबा दुखतोय, म्हणजे गाऊटच" असं ठरवून गोळ्या सुरू करण्यात मोठा धोका आहे: खरा आजार मागे राहून जातो.

१. नेमकं दुखतं कुठे, ते पाहा
खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुधा जांघेत जाणवतं, कधी मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरतं. मोजा घालताना, पायाची नखं कापताना, मांडी घालून बसताना ते लगेच कळतं. कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जात असेल तर कंबरेचा मणका तपासून घ्या. ताप आहे आणि पाय टेकवतच नाही, असं असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सांध्यात पू झाला असेल तर उशीर परवडत नाही.

२. निदान पक्कं करून घ्या
सोनोग्राफीत बघत सुईने सांध्यातलं पाणी काढतात आणि खास सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. त्यात सुईसारखे टोकदार स्फटिक दिसले की शंका उरत नाही. पाणी काढता येत नसेल तर ड्युअल एनर्जी सीटी स्कॅनची (त्यात हे स्फटिक वेगळे दिसतात) मदत होते. एक्स-रे आणि एमआरआयही महत्त्वाचे, कारण मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटला तरी असंच दुखतं. बराच काळ स्टिरॉइड घेतलेल्यांनी आणि नेहमी दारू पिणाऱ्यांनी ही शक्यता आधी तपासून घ्यावी. ऐन झटक्यात, म्हणजे सांधा अचानक सुजून दुखतो तेव्हा, युरिक ॲसिड नॉर्मलही येऊ शकतं. झटका ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा.

३. झटका आला तर
कोल्चिसिन (गाऊटच्या झटक्यावरचं औषध), सूज उतरवणारी वेदनाशामकं किंवा स्टिरॉइड यांपैकी काय द्यायचं, हे डॉक्टर मूत्रपिंड, पोट आणि साखर बघून ठरवतात. औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर दुकानातून परस्पर पेनकिलर आणू नका. चालताना काठी दुखऱ्या बाजूच्या उलट हातात धरा. खुब्यावरचा भार कमी होतो.

४. युरिक ॲसिड खाली आणा आणि तिथेच ठेवा
खरा उपचार हाच. दर 100 मिली रक्तात युरिक ॲसिड साधारण 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेलं की स्फटिक बनू शकतात, म्हणून ते कायम 6च्या खाली ठेवायचं. त्वचेखाली स्फटिकांच्या गाठी असतील तर बहुधा 5च्या खाली. युरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉल ही गोळी 100 मिलिग्रॅमने, मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहून कमी मात्रेत सुरू करून रिपोर्ट बघत वाढवतात. फेबुक्सोस्टॅट हा दुसरा पर्याय. हृदयविकार असेल तर तो आधी सांगा.

साठलेले स्फटिक विरघळू लागले की सुरुवातीच्या महिन्यांत झटके उलट वाढू शकतात. पुष्कळजण इथेच "गोळी सोसत नाही" म्हणून औषध सोडतात, आणि सगळी मेहनत वाया जाते. त्यासाठीच पहिले तीन ते सहा महिने कोल्चिसिनची छोटी मात्रा जोडीला देतात. झटका आला तरी रोजची गोळी चालू ठेवा. मात्र अंगावर पुरळ आलं, तोंड आलं किंवा ताप आला तर ॲलोप्युरिनॉल ताबडतोब थांबवून डॉक्टरांना गाठा. रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड चालू असेल तर तेही सांगा. त्याने युरिक ॲसिड वाढतं.

५. ताटात काय?
आपल्याकडे आधी डाळ बंद होते. बिचाऱ्या डाळीचा यात फारसा दोष नाही. वरण-भात, पालक, टोमॅटो बेताने खा. दूध-ताकही चालतं. कमी करायचं ते कलेजी-भेजा, मटण, तारली-बांगडा, कोल्ड्रिंक आणि दारू, त्यातही बिअर. वजन हळूहळू उतरवा. कडक उपासाने युरिक ॲसिड वर जातं. पण नुसत्या पथ्याने ते थोडंच उतरतं, गोळीची जागा पथ्य घेत नाही.

६. सांधा हलता ठेवा
दुखणं शांत असताना पोहणं, सायकल, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम करा. जमिनीवर आणि उकिडवं बसणं टाळा, कमोड वापरा. सांधा पार झिजलाच तर तो बदलण्याची शस्त्रक्रिया होते. त्यानंतरही युरिक ॲसिडची गोळी चालूच ठेवावी लागते, कारण बाकीचे सांधे तेच असतात.